नव्वद किलोची शेवंती

आमच्या माहेरी वजनाचा काटा कधी नव्हता. बाळकुमचं कोळ्यांचं घर आमचं, आणि आमच्याकडे मासळी वाट्यावर विकतात. टोपलीपुढे कोलंबीचे, बोंबलांचे छोटे छोटे ढीग मांडायचे. एक ढीग म्हणजे एक वाटा. गिऱ्हाइकाने वाट्याकडे बघून तोंड वाकडं करायचं, विकणारीने त्या तोंडाकडे बघून भाव सांगायचा, दोघींनी मनसोक्त भांडायचं, आणि सौदा पटला की विकणारीने आणखी दोन कोलंब्या वर टाकायच्या. गिऱ्हाईक परत येतं ते त्या वरच्या दोन कोलंब्यांसाठी. माझी आई, आवडाबाई, अशी मासळी विकूनच म्हातारी झाली. काटा लावून मासे विकणारीला ती कोळीणच मानत नाही. काट्याला डोळे नसतात, असं तिचं म्हणणं.

अशा घरातली मी, सरोज, आणि माझी नोकरी काय, तर माणसांची वजनं करायची. लग्न होऊन डोंबिवलीला गेले आणि ठाण्यात नौपाड्यात एका प्लास्टिक सर्जनबाईंच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायला लागले. पेशंटचं नाव लिहायचं, काट्यावर उभं करायचं, आणि हेमाली मॅडम आत जे गोड शब्दांत सांगतात ते बाहेर आल्यावर सरळ मराठीत समजावून द्यायचं. आईला माझी नोकरी अजून कळलेली नाही. शेजारी कुणी विचारलं तर ती सांगते, सरोज दवाखान्यात असते, तिथं बायका पैसे देऊन कापून घेतात.

त्या बायकांत एक दिवस आमची शेवंतीवहिनी येऊन बसली.

शेवंतीवहिनी म्हणजे माझ्या कान्हादादाची बायको. वागळे इस्टेटच्या नाक्यावर तिची टोपली असते, आणि कारखान्यांतून सुटलेली माणसं तिच्याकडून मासळी घेऊन जातात. तिला जुळे झाले, यज्ञेश आणि भावेश, आणि त्या दोघांनी आत राहून जे पोट ताणलं ते पुन्हा जागेवर गेलं नाही. पुढे अंग सुटत गेलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ती मरणाच्या दारातून परत आली तेव्हा वजन नव्वद होतं. त्यानंतर गुडघ्यांनी संप केला. टोपलीपुढे उकिडवं बसता येईना, आणि कोळणीला बसता आलं नाही तर तिने करायचं काय? म्हणून वहिनीने मनावर घेतलं. पहाटे साकेतच्या रस्त्याने चालायला लागली, भात सोडला, भाकरी एकावर आणली. तीन वर्षं झगडून ती बासष्टवर आली. गुडघे खूश झाले, पण पोटाची कातडी मात्र जुन्या मापाचीच राहिली. रिकाम्या पिशवीसारखी पुढे लोंबायची, उन्हाळ्यात घडीत पुरळ उठायचं, लुगडं कसलं की काचायचं. आणि नाक्यावर एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने, चांगल्या मनाने हो, सुरमईकडे बघता बघता विचारलं, कितवा महिना?

वहिनी तेव्हा पंचेचाळिशीची. तिने त्या बाईला सुरमई दिली, वर तुकडाही टाकला, आणि टोपली आवरून थेट माझ्याकडे आली. माझ्या टेबलापुढे बसून म्हणाली, "मी एवढं उतरवलं, सरोज. ते दिसायला नको का?"

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. वहिनी रडणाऱ्यांतली नाही, आणि तेव्हाही रडली नाही, पण तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. तेव्हाच ठरवलं, काहीही होवो, हिचं ऑपरेशन झालंच पाहिजे.

मॅडमनी तपासलं आणि सांगितलं की हे वजन कमी करायचं ऑपरेशन नव्हे. सैल कातडी काढायची, बाळंतपणात फाकलेले पोटाचे स्नायू जवळ आणून शिवायचे. सगळं होईल, पण दोन अटी. मशेरी बंद, कारण तंबाखूने जखम भरत नाही. आणि वजन सहा महिने एका जागी राहिलं पाहिजे. एखाद किलो इकडेतिकडे चालेल, त्याहून जास्त वरही नको आणि खालीही नको. नंतर वाढलं तर शिवलेलं ताणणार, उतरलं तर पुन्हा लोंबणार.

वहिनीने ऐकून घेतलं आणि सवयीने भाव करायला लागली. सहा महिने फार होतात, तीन करा. बरं, चार. मशेरी मी आजपासून सोडते, त्याच्या बदल्यात एक महिना कमी करा. मॅडमना आधी ती थट्टा वाटली. मग लक्षात आलं की बाई खरोखर सौदा करतेय. त्यांनी हसून मान हलवली आणि सहाचे सहाच ठेवले. वहिनी बाहेर येऊन मला म्हणाली, तुझी मॅडम वर काहीच टाकत नाही.

पण मशेरी तिने खरंच सोडली. ज्या बाईचा दिवस मशेरीच्या डबीने उघडायचा, तिने ती डबी खाडीत फेकली. तेव्हा मला कळलं की ही आता ऐकणार नाही.

घरात बातमी कळल्यावर दादाने नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंना मान हलवली. तो टेम्पो चालवतो, घरातही त्याला मध्येच गाडी लावायची सवय आहे. आईने मात्र हातातला कोयता खाली ठेवला. किती कापणार, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, दोन-तीन किलो भरेल कातडी. आईचा चेहरा पडला. मला वाटलं, म्हातारी सुरीला घाबरली. समजूत घातली की भूल देतात, काही कळत नाही. ती हूं म्हणाली आणि पुन्हा कोलंबी सोलायला लागली.

वहिनी दर महिन्याला एका सोमवारी वजनाला यायची, कारण सोमवारी निम्मं ठाणं मासे खात नाही आणि नाका थंड असतो. पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यात काटा अडीच किलोने वर. वहिनी काट्यावरून उतरली, चप्पल काढून पुन्हा चढली, मग बांगड्या काढून चढली. काटा ढिम्म. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, नाक्यावर वडापाव चालतो का? ती माझ्यावर अशी उसळली की बाहेर बसलेल्या दोन बायका आत येऊन बघून गेल्या. एकच भाकरी खातेय, म्हणाली, आईंनी दिलेला डबा, त्याबाहेर कण नाही.

मग तिने त्यातली अर्धी भाकरी कमी केली आणि पुढल्या खेपेला काटा चार किलोने खाली आला. वहिनी खूश. मॅडम नाखूश. त्यांनी समजावलं की होडी नांगराला बांधल्यासारखं वजन हवंय, वरखाली नको. आता सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील. पुन्हा एक भाकरी सुरू झाली, आणि संक्रांतीनंतर काटा परत वर. तिने काट्यावर उभी असतानाच मला विचारलं, "माझ्या अंगालाच नकोय का गं हे?" मी काट्यालाच दोन शिव्या घातल्या.

त्या दिवशी वहिनीची जेवणावरची वासना उडाली. डबा माझ्या टेबलावर ठेवून तूच खा म्हणाली आणि निघून गेली. दुपारी मी डबा उघडला. तांदळाची एक भाकरी, कोलंबीचं थोडं कालवण, जवळ्याची सुकी चटणी. दिसायला अगदी पथ्याचं जेवण. मी भाकरी मोडली तर बोटं तुपाने माखली. पिठातच तूप मळलेलं. कालवण म्हणजे नारळाचं घट्ट दूध, त्यात कोलंबी नावाला. आणि चटणीचा पहिला घास तोंडात गेला तशी मी चावायची थांबले. ती चव मी ओळखत होते. तळलेल्या डिंकाची पूड, खोबरं आणि काजूचा कूट. माझ्या बाळंतपणात आईने मला सव्वा महिना हेच चारलं होतं, आणि मी दारातून आडवी बाहेर पडले होते.

संध्याकाळी डोंबिवलीला न जाता मी बाळकुमला गेले. आई ओसरीवर सुके बोंबील निवडत होती. ती स्वतः त्या बोंबलांहून फारशी जाड नाही. मी रिकामा डबा तिच्यापुढे आदळला आणि विचारलं की ही बाळंतीण कोण आहे घरात.

आई आधी ऐकू न आल्यासारखं करत राहिली. मग म्हणाली, शेवंती सुकलीय, चार घास पोटात गेले तर काय बिघडलं. मी म्हटलं, आई, मला शेंडी लावू नकोस, मी तुझ्याच पोटची आहे. तिने आजूबाजूला बघितलं, मला आत नेलं आणि पलंगाखालचा पडदा वर केला. खाली गुळाच्या ढेपा रचलेल्या होत्या. कल्याणच्या बाजारातून एकेक करून आणलेल्या, वर जुनं जाळं टाकून झाकलेल्या. मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती हळदीची रेघ.

मग तिने सांगितलं. वहिनी दवाखान्यात ऑक्सिजनवर होती, आत कुणाला सोडत नव्हते, तेव्हा आई रोज फाटकापर्यंत जाऊन उभी राहायची. एक दिवस नर्सने बाहेर येऊन सांगितलं की काही खरं नाही. आईने तिला विचारलं, वजन किती आहे पोरीचं? नर्सला काय वाटलं कोण जाणे, तिने नव्वद सांगितलं. आईने तिथेच फाटकाला हात लावून गावदेवीला नवस बोलला की शेवंतीची तुला करीन, तिच्या भारंभार गूळ तुला वाहीन. वहिनी परत आली. पण देऊळ आधी बंद, मग जुनं पाडून नवं बांधायला घेतलेलं. आता येत्या चैत्रात नव्या देवळातली पहिली जत्रा होती, नवस फेडायचा होता, आणि नव्वदची शेवंती बासष्टवर येऊन बसली होती. त्यात वर मी कापायला नेणार.

मी म्हटलं, एवढंच ना? गूळ नव्वद किलो आणलायस, तो सगळा देवीला दे. कोण अडवतंय?

"गूल कोणी पन देतंय," आई म्हणाली. "मी काय बोलले? माझी शेवंती पुरी परत दे, मी ती पुरीच्या पुरी तुझ्याम्होरं बसवीन. आता अरधीच बसवू? देवी म्हनंल, आवडाबाईनं वाटा दाखवला एक नि दिला एक."

मला हसू येत होतं आणि तिचा चेहरा बघून हसवतही नव्हतं. मी विचारलं की तू जन्मात कधी वजनावर बोलली नाहीस, मग देवीशीच कशी बोललीस? आई माझ्याकडे बघेना. बोंबील निवडल्यासारखी नुसतीच बोटं हलवत राहिली.

"घाबरल्यावर कोन भाव करतंय, बाय," ती म्हणाली.

वहिनीला सांगून टाक म्हटलं, तर म्हणे बोललेला नवस फेडेपर्यंत उघड करायचा नसतो. तिने माझ्याकडूनही शपथ घेतली. मीही कोळणीच्या पोटची; फुकट शपथ देत नाही. सौदा झाला तो असा की मी तोंड बंद ठेवीन, आणि आई तुपाचं भांडं बंद ठेवील. आईने बराच वेळ घासाघीस केली, निदान डिंक तरी राहू दे म्हणाली, पण मी हटले नाही. सहा महिन्यांची मोजणी तिसऱ्यांदा सुरू झाली, आणि वहिनीचा काटा बासष्टच्या घरात येऊन शांत बसला. वहिनी म्हणायची, बघ, मशेरीचा वास गेला अंगातून म्हणून. मी हो म्हणायचे.

आईने शब्द पाळला. माझं चुकलं एवढंच की मी फक्त तुपाबद्दल बोलले होते.

चैत्रातल्या जत्रेला सगळा पाडा नव्या देवळापुढे जमला. पलीकडे इमारतींच्या गॅलऱ्यांमधून नवे रहिवासी मोबाइल धरून उभे होते. लाकडी आडवा दांडा, त्याला साखळ्यांनी टांगलेली दोन मोठी पारडी. दादाने एका पारड्यात ढेपा रचल्या. आईने सकाळीच वहिनीला सांगितलं होतं की तू आजारी असताना तुझ्या तुलेचा नवस बोलले होते, आज फेडायचाय. वहिनी चकित झाली, पण नवसाला नाही कोण म्हणतं? ती हिरवं लुगडं नेसून, गजरा माळून तयार झाली. आणि पारड्यात बसण्याआधी आईने तिची ओटी भरली.

ओटी भरली म्हणजे किती भरावी? तांदूळ, खण, नारळ, इथवर ठीक. आई घालतच होती. दुसरा नारळ, तिसरा नारळ, चौथा. पदराची गाठ पोटावर कलिंगडाएवढी झाली. वहिनी माझ्या कानात म्हणाली की आईंनी ओटीत घर बांधायला घेतलंय का. मला शंका आली, कारण नारळ एकमेकांवर आपटले तर ठकठक वाजतात, आणि ही ओटी खुळखुळत होती.

वहिनी पारड्यात मांडी घालून बसली. दांडा जरा डुलला आणि स्थिर झाला. गुळाचं पारडं जमिनीवर, वहिनी अधांतरी. आई पुढे होऊन तिच्या ओटीत आणखी एक नारळ कोंबायला गेली आणि गाठ सुटली. नारळ गडगडले, तांदूळ सांडले, आणि त्यांच्यामागून फरशीवर टणाटण आवाज करत आली जाळ्याची शिसं. जाळं तळाला बसावं म्हणून त्याच्या कडेला ओवतात ना, ते शिशाचे मणी. ढेपांवर टाकलेल्या जुन्या जाळ्याची सगळी कड आईने उसवून काढली होती.

मग मागून कुणीतरी म्हातारा म्हणाला की आवडाबाय, जन्मभर काट्याला नावं ठेवलीस, आणि आज देवीच्या काट्याला शिसं लावलंस? हशा पिकला. आई मात्र हसली नाही. ती खाली बसून मणी गोळा करायला लागली, एकेक पुसून पदरात टाकत. तिच्यावर लोक हसताहेत हे मला सहन होईना. मी शपथ बासनात बांधली आणि अधांतरी बसलेल्या वहिनीला भराभर सगळं सांगून टाकलं. फाटक, नर्स, नव्वद किलो, पुरीच्या पुरी शेवंती. तुपाचंही सांगितलं.

वहिनी आधी तुपावर भडकली. सहा महिने, म्हणाली, माझे सहा महिने पाण्यात घातले, मी स्वतःच्या अंगाला कोसत होते. तिचं खरंच होतं. आई खाली मान घालून म्हणाली, "मना दुसरं काय सुचंल? देवीनं तुना परत दिली नि मी तिला कमी देऊ?"

वहिनी सासूच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि तिचा नाक्यावरचा आवाज परत आला. वाटा कमी पडला तर काय करतात, तिने विचारलं. वर टाकतात, तिनेच सांगितलं, आणि दादाला हाक मारून फर्मावलं की आईंना उचल आणि दे इकडे.

आई ओरडायला लागली की नवस तुझा आहे, माझा नाही, मी कशी बसू.

"हे पोट तुमच्या नातवांनी ओढलेलं," वहिनी म्हणाली. "त्याच्यातलं जेवढं कमी झालं तेवढं तुम्हीच भरायचं. या."

दादाने आयुष्यात पहिल्यांदा एकच बाजू घेतली. त्याने आईला टोपलीसारखी उचलली आणि वहिनीच्या मांडीवर ठेवली. वहिनीने दोन्ही हातांनी तिला पोटाशी घट्ट धरली, जिथे मघाशी ओटी होती तिथेच. दांडा करकरला. गुळाचं पारडं जमिनीवरून सुटलं, वर यायला लागलं, सासू-सुनेच्या बरोबरीला आलं, आणि तिथे न थांबता आणखी वर जायला लागलं. आता गूळ कमी पडतोय हे सगळ्यांत आधी आईच्या ध्यानात आलं. तिने हात जोडले, डोळे मिटले, आणि लुगड्याआडून एक पाय हळूच खाली सोडून अंगठा जमिनीला टेकवला. पारडी समोरासमोर आली. भटजींनी फूल वाहिलं, ढोल वाजले. तो अंगठा मी पाहिला. देवीनेही पाहिलाच असणार, पण ती बोलली नाही, म्हणून मीही बोलले नाही.

गूळ पाड्यात वाटला, उरलेला पलीकडच्या इमारतींत गेला. त्यानंतर आईने आपणहून वहिनीच्या डब्याची जबाबदारी घेतली. भाकरी एक, तुपाचा थेंब नाही. उलट वहिनीने लग्नाबिग्नात जिलबीकडे हात नेला की आई तो हात मागे करायची आणि मॅडमचं नाव घ्यायची. काटा आधी दोनदा हलला म्हणून मॅडमनी सहा महिन्यांवर आणखी दोन मागितले. पावसाळा गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं, आणि काटा बासष्टच्या घरातून हलला नाही. शेवटच्या सोमवारी मॅडमनी सगळी वजनं पाहिली आणि वहिनीला तारीख दिली. वहिनीने त्यातही, दिवाळीआधीची नको, दिवाळीत मासळीला गिऱ्हाईक नसतं तेव्हाची द्या, असा भाव केला. या वेळी मॅडमनी ऐकलं.

ऑपरेशनच्या दिवशी आई दवाखान्यात माझ्या टेबलाशेजारी बसली होती. मधूनच ओठ हलायचे, हात पदराआड जोडले जायचे. आईचे ओठ कशासाठी हलतात हे मला आता ठाऊक होतं. मॅडम बाहेर येऊन सगळं नीट झालं म्हणाल्या तेव्हा आईने सुस्कारा सोडला आणि मला विचारलं की कापलेलं किती भरलं. मी सांगितलं नाही. उगीच तिच्या हातात आकडा कशाला द्या?

संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. वहिनी गुडघ्यांखाली उशी घेऊन अर्धवट गुंगीत पडली होती. पोटाला पट्टा होता, आणि त्या पट्ट्याखाली सपाट जागा होती. तिने ती मला बोटाने दाखवली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. आई तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळाने वहिनीने डोळे बारीक केले आणि तिच्याकडे रोखून बघितलं.

"आई, खरं सांगा. या वेळी काय बोललात देवीला?"

आई इकडेतिकडे बघायला लागली. मग म्हणाली, "बोलले थोडं."

"वजनावर?"

"नाय गो. आता काय येडी हाय मी? वाट्यावर बोलले. पाच वाटं पेढ्याचं."

"आणि वर काय टाकणार?"

"वर टाकाया मी हाय ना," आई म्हणाली.

वहिनी हसली, टाके दुखले, आणि ती सासूवर खेकसली की आठ दिवस माझ्यापुढे तोंड उघडायचं नाही. आई बरं म्हणाली आणि तिचा हात धरून तिथेच बसून राहिली.